स्वतःची शैली : दिल्लीतल्या डिजिटल चित्रकारांपुढचा जुना प्रश्न, नवा पेच

दिल्लीच्या राज कॉमिक्सने १९८६ साली ‘नागराज’ बाजारात आणला, तेव्हा त्याला पहिलं रूप दिलं प्रताप मुळीक या मराठी चित्रकाराने. अमर चित्र कथेत देव, राजे आणि संत रेखाटून मुळीकांचा हात तयार झालेला होता. पुढे नागराज इतरांकडे गेला, अनुपम सिन्हा यांच्याकडेही गेला. हात बदलला की चेहऱ्याची ठेवण बदलायची, मारामारीचा वेग बदलायचा. चोखंदळ वाचक त्यावर तावातावाने बोलत. पण नागराज नागराजच राहायचा. शैली चित्रकाराची कमी आणि नायकाची, प्रकाशनसंस्थेची जास्त, असा तो व्यवहार होता. त्यात कुणाला फारसं वावगं वाटत नसे.

आज लक्ष्मीनगरच्या ॲनिमेशन क्लासमध्ये किंवा नोएडातल्या एखाद्या स्टुडिओत मुलाखतीला गेलेल्या मुलाला पहिल्या पाच मिनिटांत विचारतात, ‘तुम्हारा स्टाइल क्या है?’ वीस-बावीस वर्षांच्या मुलाकडे याचं उत्तर तयार असावं, ही अपेक्षाच नवी आहे. ती कुठून आली, शैली घडते कशी याविषयी जाणकारांत कोणकोणती मतं आहेत, त्यांना आधार काय आणि कोणते प्रश्न अजून लोंबकळत आहेत, हे पाहण्यासाठी दिल्ली, नोएडा, गुरुग्राम हा पट्टा सोयीचा आहे. कला महाविद्यालयं, गॅलऱ्या, कॉमिक्सचे प्रकाशक, ॲप बनवणाऱ्या कंपन्या आणि शैलीच्या मालकीचे खटले ऐकणारी न्यायालयं, सगळं इथे तास-दीड तासाच्या अंतरात आहे.

मागचा रस्ता

मुंबईत जे. जे. स्कूल १८५७ पासून आहे. दिल्लीचं कॉलेज ऑफ आर्ट १९४२चं. ललित कला अकादमी आणि जयपूर हाउसमधलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय ही दोन्ही १९५४ची. दिल्लीने चित्रकार घडवले त्यापेक्षा बोलावून घेतले जास्त. नागपुरात जन्मलेले, जे. जे.मध्ये शिकलेले वासुदेव गायतोंडे १९७२च्या सुमारास दिल्लीला आले आणि निजामुद्दीन पूर्वमध्ये राहिले. तेव्हा शैली म्हणजे एका माणसाचं आयुष्यभराचं काम, अशी समजूत होती. मराठी वाचकाला ही समजूत दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांमुळे चांगली ओळखीची आहे. दीनानाथ दलाल कोणते आणि रघुवीर मुळगावकर कोणते, हे सही न वाचता सांगणारी माणसं घरोघरी होती.

संगणक दिल्लीच्या कलाजगतात आला तो मात्र रेघेच्या वाटेने नव्हे. जीबेश बागची, मोनिका नरूला आणि शुद्धब्रत सेनगुप्ता यांनी १९९२मध्ये रक्स मीडिया कलेक्टिव्ह सुरू केलं होतं. २०००मध्ये विकसनशील समाज अध्ययन पीठात, म्हणजे सीएसडीएसमध्ये, ‘सराय’ हे नव्या माध्यमांचं केंद्र उभं राहिलं. ‘अंकुर’ या संस्थेबरोबर सरायने २००१पासून सायबरमोहल्ला चालवला. वस्तीतली मुलं संगणक आणि कॅमेरा घेऊन आपल्या गल्लीच्या नोंदी करू लागली. विवान सुंदरम यांनी २००१-०२मध्ये आजोबा उमराव सिंग शेरगिल यांच्या जुन्या छायाचित्रांची संगणकावर जुळणी करून ‘रिटेक ऑफ अमृता’ ही मालिका केली. या मंडळींना संगणक हवा होता तो जुळवाजुळवीसाठी, स्मृतीसाठी. रेघ कुणाची, हा त्यांचा प्रश्न नव्हता.

रेघेचा प्रश्न कॉमिक्सने आणला. सारनाथ बॅनर्जी यांची ‘कॉरिडॉर’ २००४मध्ये आली. कॅनॉट प्लेसमधला जुन्या पुस्तकांचा विक्रेता तिच्या मध्यभागी आहे. विश्वज्योती घोष यांच्या ‘दिल्ली काम’मध्ये (२०१०) आणीबाणीतली दिल्ली तपकिरी छटांत उतरली. हे दोघं, ओरिजित सेन, परिस्मिता सिंग आणि अमिताभ कुमार यांच्या पाओ कलेक्टिव्हचा संग्रह २०१२मध्ये निघाला. मधल्या काळात, फेब्रुवारी २०११मध्ये, दिल्ली हाटात पहिलं कॉमिक कॉन भरलं. आपलं चित्र छापून टेबलावर मांडायचं आणि अनोळखी माणसाला विकायचं, हा अनुभव अनेक तरुणांना अशा जत्रांनी दिला.

साधनंही बदलत होती. नेहरू प्लेसच्या फुटपाथवर चोरट्या सॉफ्टवेअरच्या सीडी मिळत, त्यावर एका पिढीने फोटोशॉप शिकून घेतलं. मग स्वस्त चिनी टॅब्लेट आले. २०१५मध्ये आयपॅड प्रोबरोबर ॲपलची पेन्सिल आली आणि त्याआधीच निघालेलं प्रोक्रिएट हे ॲप घराघरात पोचलं. २०२३च्या इंडिया आर्ट फेअरमध्ये, ओखल्याच्या एनएसआयसी मैदानावर, गौरव ओगले, मीरा फेलिशिया मल्होत्रा आणि वरुण देसाई हे निवासी डिजिटल कलावंत म्हणून होते. तिघंही मुंबई-कोलकात्याकडचे. दिल्ली अजूनही बोलावून घेतेच आहे.

आधी नक्कल

पहिलं मत सर्वांत जुनं आणि वर्गात सर्वाधिक चालणारं : आधी दुसऱ्याचं काढा, आपलं नंतर येईल. याचा इतिहास दिल्लीला परका नाही. अकबराच्या चित्रशाळेत एकाच चित्राची आखणी एकाकडे, रंग दुसऱ्याकडे आणि चेहरे तिसऱ्याकडे असत. तरीही बसावन वेगळा ओळखू येतो. जहांगीरच्या काळातल्या मन्सूरचे पक्षी तर दुसऱ्या कुणाचे वाटणारच नाहीत. जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात लघुचित्रांच्या दालनात उभं राहिलं की सामूहिक कारखान्यातून व्यक्तीचा हात कसा डोकावतो, हे डोळ्यांनी पाहता येतं.

डिजिटल चित्रकार या सरावाला ‘स्टडी’ म्हणतात. सिनेमातली एखादी फ्रेम किंवा जुन्या उस्तादाचं चित्र स्क्रीनच्या एका बाजूला ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूला अर्ध्या-पाऊण तासात ते पुन्हा उभं करायचं. इथे एक बारीक गोष्ट महत्त्वाची ठरते. सॉफ्टवेअरमध्ये आयड्रॉपर असतो; तो मूळ चित्रावर टेकवला की नेमका रंग हातात येतो. कसलेले शिक्षक स्टडी करताना तो वापरू देत नाहीत. सावलीतली पांढरी भिंत खरं तर निळसर करडी आहे, हे डोळ्याने ओळखून रंग मिसळायला लागतो, त्यातच शिक्षण असतं. आयड्रॉपरने काढलेलं चित्र हुबेहूब येतं आणि काढणाऱ्याला काहीच शिकवत नाही. मूळ चित्र खालच्या लेयरवर ठेवून गिरवण्याचंही तेच.

या मताला प्रयोगाचा आधारही आहे. ताकेशी ओकादा आणि केंतारो इशिबाशी या जपानी संशोधकांनी चित्रकलेचं शिक्षण न घेतलेल्या विद्यार्थ्यांना अपरिचित धाटणीची चित्रं नकलायला दिली आणि नंतर स्वतंत्र चित्रं काढायला सांगितली. नक्कल केलेल्यांची पुढची चित्रं अधिक सर्जक ठरली. त्यांचा अभ्यास २०१७मध्ये ‘कॉग्निटिव्ह सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यातली मेख ‘अपरिचित’ या अटीत आहे. डोळ्याला सवय नसलेलं काहीतरी नकलल्यामुळे आपल्या चाकोरीतून बाहेर पडता येतं, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आक्षेपही तिथेच येतो. लहानपणापासून जपानी ॲनिमे पाहिलेल्या मुलाने पुन्हा ॲनिमेच नकललं तर त्यातून किती हाती लागणार? शिवाय फीडवर दिसणारी चित्रं स्वतःच दुसऱ्या-तिसऱ्या हातची असतात. डोळे मोठे, नाकाच्या शेंड्यावर लाली, कडेने केशरी प्रकाश, हे कुणी कुणाकडून घेतलं याचा माग काढता येणार नाही, इतकं ते सार्वजनिक झालं आहे. नक्कल करा, असं म्हणणारे शिक्षकही आता ‘कुणाची?’ हा प्रश्न पुढे ठेवू लागले आहेत.

आपल्या भिंतीकडे पाहा

दुसरं मत सांगतं की प्रेरणा स्क्रीनवर शोधू नका, उंबरठ्याबाहेर शोधा. दिल्लीत याचं सर्वांत ठळक उदाहरण हनीफ कुरेशी यांचं. बडोद्याला शिकून जाहिरातीच्या धंद्यात दिल्लीला आलेल्या कुरेशींनी पाहिलं, की फ्लेक्स आल्यापासून पाट्या रंगवणारे पेंटर बेकार होत आहेत. त्यांनी ‘हँडपेंटेड टाइप’ हा उपक्रम सुरू केला. पेंटरकडून संपूर्ण वर्णमाला रंगवून घ्यायची, ती संगणकावर अक्षर-अक्षर करून उतरवायची, तिचा फॉन्ट करायचा, फॉन्टला त्या पेंटरचंच नाव द्यायचं आणि विक्रीतला वाटा त्याला द्यायचा. ‘पेंटर कफील’ हा त्यांतला गाजलेला फॉन्ट. ठोकळेबाज अक्षर, त्याला जाड सावली, आत वेगळ्या रंगाची पट्टी : चाट भांडारापासून टायरच्या दुकानापर्यंत दिल्लीने वर्षानुवर्षं पाहिलेलं रूप. कफील यांच्या हाताची ती ढब आता माऊसच्या एका क्लिकवर आहे. कुरेशी पुढे ‘स्टार्ट इंडिया’ या संस्थेच्या संस्थापकांत होते. लोधी कॉलनीच्या सरकारी घरांच्या भिंती त्या संस्थेमुळे रंगल्या. २०२४मध्ये, वयाच्या अवघ्या चाळिशीत, ते गेले.

याच मताचं दुसरं उदाहरण डिजिटल नाही, पण डिजिटल चित्रकार त्याचा दाखला वारंवार देतात. दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने २०११मध्ये डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावर ‘भीमायन’ काढलं. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकार दांपत्याची. कॉमिक्सच्या चौकटींत आपली पात्रं कोंडायला दोघांनी नकार दिला. त्यामुळे पानं चौकटींऐवजी दिग्ना या भित्तिचित्रांच्या वळणांनी विभागली गेली. संवादाचे फुगेही बदलले. सौम्य बोलणाऱ्याचं वाक्य पक्ष्याच्या आकारात येतं. जातीचा विखार ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. वाचकाला वाक्य वाचण्याआधीच कळतं की पुढे काय येणार. कॉमिक्सच्या व्याकरणात इतका मूलभूत बदल करणारं काम भारतात फार थोडं झालं आहे आणि तो बदल करणाऱ्यांनी कॉमिक्सचं शिक्षण घेतलेलं नव्हतं.

व्याम ज्या परंपरेतले, ती ‘जनगढ कलम’ मुळात एका माणसाच्या हातातून निघाली. दिल्लीचे चित्रकार जगदीश स्वामीनाथन भोपाळच्या भारत भवनाचं काम पाहत असताना पाटणगढच्या जनगढ सिंह श्याम यांची चित्रं पुढे आली. त्यांच्या नातलगांनी आणि गाववाल्यांनी ती रीत उचलली. आज प्रत्येक गोंड चित्रकाराची आकृती भरण्याची पद्धत वेगळी असते. कुणी ठिपके देतो, कुणी तुटक रेघा, कुणी बियांसारखे आकार. परंपरा सामाईक, भरण खासगी. वैयक्तिक आणि सामूहिक यांत निवड करावीच लागते असं नाही, हे यातून दिसतं.

आक्षेप आहे तो दुसऱ्याच्या मुळांवर हात टाकण्याबद्दल. वारलीचं उदाहरण महाराष्ट्राला सांगायला नको. जिव्या सोमा मशे यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली, वारली चित्रांना भौगोलिक मानांकन आहे. तरीही त्रिकोणी धडाची नाचणारी माणसं तयार क्लिप-आर्ट म्हणून कुणीही उतरवून घेतो आणि लग्नपत्रिकेपासून हॉटेलच्या मेनूपर्यंत चिकटवतो. डहाणूच्या पाड्यातल्या चित्रकाराला त्यातून काही मिळत नाही. गुरुग्रामला वाढलेल्या, इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीची ‘मुळं’ नेमकी कोणती, हाही प्रश्न आहेच. मेट्रोचे खांब, नोव्हेंबरातलं धुरकट आकाश, सोसायटीचं गेट हे तिचं जग आहे. लोककला हाच अस्सलपणाचा पुरावा मानला तर तिच्या वाट्याला उसनवारीच येते. या मताचे समंजस पुरस्कर्ते म्हणूनच ‘लोककला घ्या’ असं म्हणत नाहीत, ‘रोज दिसणारं नीट पाहा’ असं म्हणतात.

शोधू नका, काम करा

तिसऱ्या मताचे लोक शैलीच्या शोधालाच हसतात. त्यांच्या मते ती कामाच्या ओघात मागून येते. गायतोंडे हा त्यांचा आवडता दाखला. पॉल क्ले आणि झेन विचार यांचा प्रभाव ते लपवत नसत. पण जे उरलं ते कृतीतून : रोलरने रंग पसरायचा, पॅलेट नाइफने खरवडायचा, कागदाच्या तुकड्यांनी रंगाचे ठसे कॅनव्हासवर न्यायचे. वर्षाकाठी मोजकीच चित्रं होत. १९८४मधल्या एका अपघातानंतर मोठे कॅनव्हास काही वर्षं थांबले, त्या काळात त्यांनी कागदावर शाईची लहान कामं केली. साधन बदललं, आकार बदलला, तरी चित्र गायतोंड्यांचंच दिसतं. सतीश नाईक यांच्या ‘चिन्ह’ने त्यांच्यावर काढलेले अंक मराठीत या विषयावरचं उत्तम साहित्य आहे. न्यूयॉर्कच्या गुगनहाइमने २०१४मध्ये भरवलेल्या त्यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाच्या नावातही ‘प्रक्रिया’ होतीच.

डिजिटल जगातलं या मताचं टोक म्हणजे अमेरिकेचा बीपल. १ मे २००७पासून तो रोज एक चित्र करतो आहे. पहिल्या पाच हजार दिवसांचं कोलाज मार्च २०२१मध्ये ६.९३ कोटी डॉलरना विकलं गेलं. नलिनी मलानी यांचं काम वेगळ्या अंगाने बोलकं आहे. प्रदीर्घ कारकिर्दीत चित्र, छायानाट्य, व्हिडिओ असं सगळं केलेल्या मलानी आयपॅडवर बोटाने ओरखडल्यासारखं काढतात. लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत २०२०मध्ये त्यांची अशी ८८ चलचित्रं एकाच वेळी भिंतींवर धावत होती. स्टायलसने मिळणारी सफाई त्यांनी घेतलीच नाही.

नुसतं काम करत राहणं पुरेसं आहे का? २०२१मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये दाशुन वांग आणि सहकाऱ्यांनी हजारो चित्रकार, सिनेदिग्दर्शक आणि शास्त्रज्ञ यांच्या कारकिर्दी तपासल्या. उत्तम कामांची सलग मालिका कधी लागते, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असं निघालं, की आधी काही काळ वेगवेगळं करून पाहणं आणि नंतर त्यांतल्या एका वाटेवर ठाण मांडणं, या क्रमाने गेलेल्यांना ती मालिका लागण्याची शक्यता वाढते. एकट्या भटकंतीने किंवा एकट्या चिकाटीने तसं होत नाही. आढाव्यापुरतं बोलायचं तर हाती असलेल्या पुराव्यांत हा सर्वांत उपयोगी आहे. पहिल्या तिन्ही मतांना तो थोडी थोडी जागा देतो. पण तो मोठ्या नावांच्या कारकिर्दींवर बेतलेला आहे आणि लक्ष्मीनगरच्या क्लासमधल्या मुलाला भटकंती कधी थांबवायची, हे त्यातून कळत नाही.

ब्रश, ब्रीफ आणि फीड

आता साधनं आणि बाजार. तयार ब्रश हा जुना वाद आहे. काइल वेबस्टर या अमेरिकन चित्रकाराने बनवलेले फोटोशॉपचे ब्रश इतके लोकप्रिय झाले, की २०१७मध्ये अडोबीने ते विकतच घेतले आणि सगळ्या ग्राहकांना दिले. जगभर एकच ‘गोश’ आणि एकच ‘पेन्सिल’ चालू लागली. ब्रशमुळे शैली येत नाही, हे सगळेच मान्य करतात. ब्रशमुळे ती सपाट होते का, यावर एकमत नाही.

ब्रीफचा, म्हणजे ग्राहकाने घालून दिलेल्या कामाच्या अटींचा, दाब मात्र नि:संशय आहे. फेसबुकसाठी ‘बक’ या संस्थेने २०१७मध्ये ‘अलेग्रिया’ ही चित्रपद्धती केली. लहान डोकी, लांब वाकडे हातपाय, जांभळी-निळी कातडी. थोड्याच काळात गुरुग्राम-नोएडातल्या पैसे पाठवण्याच्या, औषधं मागवण्याच्या, कर्ज देण्याच्या ॲपवर तीच माणसं नाचू लागली. चित्रकाराने स्वतःची धाटणी आणावी आणि ती कंपनीच्या पुस्तिकेत बसावी, अशी दुहेरी मागणी असते. बहुतेक जण दिवसा पुस्तिका सांभाळतात आणि रात्री स्वतःचं काढतात.

याच बाजारात शैलीला नाव देऊन उभे राहिलेलेही आहेत. दिल्लीचे अमृत पाल सिंग यांची ‘टॉय फेसेस’ ही गुळगुळीत, खेळण्यांसारख्या त्रिमितीय चेहऱ्यांची मालिका २०२१च्या एनएफटीच्या, म्हणजे डिजिटल मालकीपत्रांच्या, लाटेत जगभर पोचली. फ्रिडा काहलोचा चेहराही त्यांनी त्याच साच्यात घडवला. एक साचा, असंख्य चेहरे : ओळख पटायला अर्धा सेकंद पुरतो. शैलीचा ब्रँड झाला की पैसा येतो, हे मान्य करून टीकाकार विचारतात, की मग साचा मोडायची मुभा उरते का? समर्थकांचं म्हणणं, दलाल-मुळगावकरांचंही तेच होतं आणि तेव्हा त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. एनएफटीची लाट पुढे ओसरली. एप्रिल २०२२पासून भारताने अशा आभासी मालमत्तेच्या उत्पन्नावर ३० टक्के कर लावला, त्यानेही खरेदीदार कचरले.

फीडचा परिणाम याहून खोल असावा. एक चित्र चाललं की तसंच दुसरं टाकावंसं वाटतं. वेगळं टाकलं की प्रतिसाद घसरतो. वांग यांच्या अभ्यासातली भटकंती जिथे व्हायला हवी, त्याच वयात ती महाग पडते. तरुण चित्रकार यावर दोन खाती ठेवण्याचा तोडगा काढतात, एक दाखवायचं आणि एक खेळायचं.

यंत्र आणि न्यायालय

दिल्लीच्या नेचर मॉर्ट गॅलरीत ऑगस्ट २०१८मध्ये ‘ग्रेडियंट डिसेंट’ हे प्रदर्शन भरलं. कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या कलेचं भारतातलं ते पहिलंच. कार्तिक कल्याणरामन आणि राघव के. के. यांनी ते रचलं होतं. मारिओ क्लिंगेमान, अॅना रिडलर यांच्याबरोबर भारताचे हर्षित अग्रवाल होते. तेव्हा सूर कुतूहलाचा होता. २०२२च्या उत्तरार्धात मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन ही शब्दसूचनेवरून चित्र काढणारी साधनं सर्वांच्या हाती आल्यावर तो बदलला. पोलंडचे ग्रेग रुटकोव्स्की यांचं नाव लोक सूचनेत घालून त्यांच्यासारखी चित्रं हजारोंनी काढू लागले. मार्च २०२५मध्ये चॅटजीपीटीने घिबली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओच्या धर्तीवर छायाचित्रं बदलून द्यायला सुरुवात केली, तेव्हा भारत सरकारच्या मायगव्हच्या समाजमाध्यम खात्यानेही तशी चित्रं टाकली.

शैली आकड्यात मोजण्याचा एक खटाटोप दिल्लीतही त्याआधी झाला होता, हे फारसं आठवलं जात नाही. दिल्लीचे वकील अंकित साहनी यांनी स्वतः काढलेलं सूर्यास्ताचं छायाचित्र, व्हॅन गॉगचं ‘स्टारी नाइट’ आणि ‘शैली किती प्रमाणात उतरवायची’ याचा एक आकडा ‘राघव’ नावाच्या प्रणालीला दिला. निघालेल्या ‘सूर्यास्त’ चित्रावर भारतीय कॉपीराइट कार्यालयाने २०२०मध्ये साहनी आणि राघव असे दोन सहकर्ते नोंदवले. वर्षभराने नोंदणी मागे घेण्याची नोटीस काढली. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने डिसेंबर २०२३मध्ये नोंदणी साफ नाकारली. माणसाने केलेलं पुरेसं काही त्यात नाही, असं त्यांचं मत पडलं.

शैलीवर मालकी सांगता येते का, याचं भारतीय कायद्यातलं जुनं उत्तरही दिल्लीशी जोडलेलं आहे. नाटककार आर. जी. आनंद यांनी आपल्या ‘हम हिंदुस्थानी’ नाटकावरून १९५६चा ‘न्यू दिल्ली’ चित्रपट चोरल्याचा दावा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये तो फेटाळला. कल्पनेवर हक्क नसतो, तिच्या विशिष्ट मांडणीवर असतो, हे सूत्र त्या निकालाने पक्कं केलं. शैली कल्पनेच्या बाजूला पडते, असं बहुतेक कायदेपंडित मानतात. उलट बाजूला अमरनाथ सहगल यांचा खटला आहे. विज्ञान भवनातलं त्यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९मध्ये काढून टाकण्यात आलं; दिल्ली उच्च न्यायालयाने २००५मध्ये कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७खाली ते त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. कलाकृती विकल्यानंतरही कलावंताचा तिच्याशी नैतिक संबंध उरतो, हे त्यात मान्य झालं. पण तो संबंध एका वस्तूशी आहे, धाटणीशी नाही.

यंत्राला शिकवण्यासाठी चित्रं परवानगीशिवाय वापरावीत का, हा त्यापुढचा प्रश्न. अमेरिकेत सारा अँडरसन, केली मॅककर्नन आणि कार्ला ऑर्टिझ यांनी जानेवारी २०२३मध्ये स्टॅबिलिटी एआय आणि इतरांवर दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयात एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४मध्ये ओपनएआयवर लावलेला दावा बातम्यांपुरता असला, तरी चित्रकारांचं लक्ष त्याकडे आहे. शिकागो विद्यापीठाने २०२३मध्ये काढलेलं ‘ग्लेझ’ हे साधन चित्रात नजरेला सहसा न जाणवणारे बदल करून यंत्राला शैली ओळखण्यापासून चकवतं. प्रोक्रिएटने ऑगस्ट २०२४मध्ये आपल्या ॲपमध्ये चित्रं बनवणारं कृत्रिम बुद्धिमत्तेचं तंत्र आणणार नसल्याचं जाहीर केलं. दुसरी बाजूही ऐकायला हवी. हे तंत्र वापरणारे कलावंत म्हणतात, की कॅमेरा आला तेव्हाही हेच बोललं गेलं होतं आणि यंत्राकडून काय काढून घ्यायचं ही निवड शेवटी माणसाचीच असते.

न सुटलेलं

वादाच्या मुळाशी एक पेच आहे. यंत्र किंवा नकलाकार सहज उचलतो तो पृष्ठभाग : रेघेची जाडी, रंगांची पट्टी, चेहऱ्याची ठेवण. व्यामांनी विखारी बोलण्याला नांगी लावली, तो निर्णय होता. गायतोंड्यांनी वर्षात मोजकीच चित्रं केली, तोही निर्णय. असे निर्णय पृष्ठभागाइतके सहज उचलता येत नाहीत. पण फीड, क्लायंट आणि कायदा तिघंही प्रामुख्याने पृष्ठभागच पाहतात. शिकणाऱ्यांनाही तोच आधी दिसतो.

सामूहिक परंपरांच्या शैलीचं काय, हा प्रश्न तर अजून नीट विचारलाही गेलेला नाही. वारली किंवा गोंड धर्तीचं चित्र यंत्राने दिलं, तर दाद कोणी मागायची? भौगोलिक मानांकन वस्तूच्या नावाचं रक्षण करतं, भरणाच्या ढबीचं नाही. नक्कल किती काळ करावी, फीडपासून दूर राहिल्याने खरंच फरक पडतो का, यांवर भारतीय विद्यार्थ्यांना घेऊन केलेले अभ्यास व्हायला हवेत. ते करण्याची जागा दिल्लीच्या कलाशाळांहून चांगली कुठे मिळणार?

तोवर शिकणाऱ्यांना एक व्यवहारातली सूचना. चित्र पूर्ण झालं की लेयर एकत्र करून मूळ फाइल फेकून देऊ नका. लेयर असलेली फाइल, प्रोक्रिएटने आपोआप नोंदवलेला टाइमलॅप्स, आधीची कच्ची रेखाटनं आणि वापरलेले रेफरन्स तारखेसकट जपून ठेवा. उद्या चित्र तुमचंच आहे का असं क्लायंटने, परीक्षकाने किंवा न्यायालयाने विचारलं, तर तेच दाखवावं लागणार आहे.